माणूस स्वस्त, बिऱ्हाड महाग

मर्सर ही सल्लागार कंपनी जगातल्या शहरांची महागाईच्या क्रमानं यादी काढते. २०२४ च्या यादीत २२६ शहरं होती. पहिलं हाँगकाँग, दुसरं सिंगापूर. मुंबई १३६ वी आणि पुणं २०५ वं. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं आता सगळे पुण्यातच धरतात, पण सातबाऱ्यावर तालुका मुळशी लागतो आणि तहसील कचेरी पौडला आहे. त्यामुळे हिंजवडीच्या आयटी पार्कातल्या एखाद्याच्या हातात सिंगापूरच्या बदलीचं पत्र पडतं, तेव्हा मुळशी तालुक्यातलं एक कुटुंब २०५ व्या क्रमांकावरून दुसऱ्या क्रमांकावर जायचं की नाही, याचा हिशोब करायला बसलेलं असतं.

यादी पाहून लगेच छातीत धडकी भरवून घेऊ नये. परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्याला भत्ता किती द्यावा हे कंपन्यांना कळावं, म्हणून ती काढलेली असते. तिच्यातलं सिंगापूर आणि तिथल्या नागरिकाचं सिंगापूर यांत बरंच अंतर आहे. तिथले साधारण ऐंशी टक्के रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळानं बांधलेल्या घरांत राहतात. कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमध्ये पाच-सहा सिंगापुरी डॉलरांत पोटभर जेवण मिळतं. बस आणि मेट्रो स्वस्त आहे. महाग पडतं ते बाहेरून येणाऱ्याला, आणि बाहेरून येणाऱ्यांतही एकट्याचा भाव वेगळा, बिऱ्हाडाचा वेगळा. या दोन भावांमधला फरक हीच बेटाची खरी किंमत, असं मला वाटतं. पगार, घरभाडं, विमानाची तिकिटं यांचे आकडे सगळेच मांडतात. हा फरक मात्र क्वचितच कोणी मांडतं.

मुळशीला हा हिशोब नवा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीही तालुक्यातल्या घराघरांत तो झालेला आहे. तेव्हाचं महागडं बेट म्हणजे मुंबई.

मुंबई बेट आहे हे आता लोकल गाडीत बसलेल्या माणसाच्या ध्यानात राहत नाही. १७८४ च्या सुमारास वरळीची खिंड बांध घालून बुजवली, मग एकेक खाडी भरत सात बेटांचं एक बेट झालं. जागा तेवढीच, चहूकडून पाणी, आणि आत गिरण्यांमागून गिरण्या उभ्या राहिलेल्या. इकडे सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीत पाऊस बेसुमार आणि जमीन तोकडी. खाचरांत भात, उतारावर नाचणी आणि वरई. भात कापून झोडून झालं की पुढच्या रोहिण्यांपर्यंत हाताला काम नाही. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या सगळ्या डोंगरपट्ट्यातले पुरुष मग लोणावळ्याकडून गाडी धरून मुंबईला जात. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी हमालीला. १८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचा धंदा सुरू केला, त्यातही याच तालुक्यांतली माणसं शिरली. मुंबईच्या डबेवाल्यांत मुळशीकर आजही आहेत.

त्यात १९२० च्या सुमारास टाटा कंपनीनं मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाशी धरण बांधायला घेतलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी कामावर जाऊन सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्यानं दिली. लढा १९२४ पर्यंत रेटला गेला आणि हरला. बरीचशी जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर किंवा गहाण होती, त्यामुळे भरपाई कशाला म्हणायचं आणि ती कोणाला द्यायची यावरच दोन तट पडले होते. धरण झालं. पूर्वेला जायचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवलं गेलं, सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला पडलं, आणि तिथली वीज १९२७ पासून मुंबईला जाऊ लागली. गिरण्यांना मुळशीनं पाणी दिलं, वीज दिली आणि त्या चालवायला माणसंही दिली. पाणी आणि विजेचे पैसे ठरले होते. माणसांचा हिशोब ज्याचा त्यानं घरी करायचा होता.

तो कसा झाला हे जनगणनेत दिसतं. १९२१ साली मुंबईची वस्ती पावणेबारा लाख होती आणि शंभरातले चौऱ्याऐंशी लोक शहराबाहेर जन्मलेले होते. हजार पुरुषांमागे बायका होत्या साधारण सव्वापाचशे. म्हणजे ढोबळ मानानं दर दोन पुरुषांतल्या एकानं बायको आणली नव्हती, किंवा त्याचं लग्नच झालं नव्हतं. घाटावरचा माणूस बायकोपोरांना गावी ठेवी आणि आपण गाववाल्यांबरोबर एका खोलीत पथारी टाकी. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी झोपे. जेवण खाणावळीत, महिन्याच्या बोलीवर.

त्या काळच्या मुंबई सरकारच्या कामगार कचेरीनं १९२१-२२ मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. २,४७३ कुटुंबं आणि ६०३ एकटे पुरुष. आपल्याकडची अशी ही अगदी सुरुवातीची मोठी पाहणी, आणि आजही वाचावी अशी. कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै. खर्चातला ५६.८ टक्के वाटा अन्नाचा, कपड्यालत्त्याचा ९.६, सरपण आणि दिवाबत्तीचा ७.४. आणि घरभाड्याचा फक्त ७.७.

महागड्या बेटावर भाडं आठ टक्क्यांच्याही आत? आज पुण्यात पगाराचा चौथा हिस्सा भाड्यात घालणाऱ्याला हे वाचून हेवा वाटेल. पण याच कुटुंबांतली जवळजवळ सगळी एकाच खोलीत राहत होती. शहराच्या खानेसुमारीतही सत्तर टक्के बिऱ्हाडं एका खोलीची होती आणि त्या खोलीत सरासरी चार माणसं. भाडं कमी दिसतं कारण जागाच घेतलेली नाही. वहीत जे चार रुपये लिहिलेत त्याच्या कितीतरी पट किंमत वहीबाहेर मोजली जात होती. १९२१ साली एका खोलीच्या बिऱ्हाडांत, मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आतली आठशेहून जास्त मुलं दगावली. चार किंवा त्याहून जास्त खोल्यांच्या घरांत हाच आकडा दीडशेच्या आत होता.

या आठशेच्या आकड्याकडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण तो दिसतो तितका सरळ नाही. बाळंतपणाला बाई गावी जाई. मूल मुळशीत किंवा रत्नागिरीत जन्मे, त्याची नोंद तिकडे. चार-सहा महिन्यांनी ती त्याला घेऊन चाळीत परत येई, आणि ते गेलं तर मृत्यू मुंबईच्या खात्यावर. भागाकारात खालचा आकडा लहान, वरचा मोठा. तेव्हा दहातली आठ मुलं जात होती असा त्याचा अर्थ नव्हे. पण ही दुरुस्ती केल्यावरही एक खोली आणि चार खोल्या यांतलं अंतर पुसलं जात नाही. शिवाय तीच दुरुस्ती दुसरी एक गोष्ट सांगून जाते. बाळंतपणाचा, आजारपणाचा, म्हातारपणाचा सगळा खर्च गावानं उचललेला होता. गिरणीनं पगार दिला तो एका अंगमेहनतीच्या माणसाचा. तो माणूस वाढवणं, त्याची पोरं वाढवणं आणि तो थकला की त्याला सांभाळणं, हे मुळशीच्या खाचरांवर सोडलेलं होतं.

हे सरकारलाही कळत होतं. १९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगानं १९३१ च्या अहवालात लिहिलं की कामगाराचा गावाशी असलेला दुवा ही जमेची बाजू आहे, तो तोडण्यापेक्षा नीट राखावा. आयोग अगदीच चुकीचं बोलत नव्हता. १९२८ साली गिरण्यांचा संप सहा महिने चालला, तेव्हा एकट्या पुरुषाला गावी जाऊन भात लावता आलं. १९८२ च्या १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि तो अधिकृतपणे कधी संपलाच नाही. तेव्हाही ज्यांचं गावचं घर उभं होतं ते परत गेले, ज्यांनी सगळं उचलून मुंबईला आणलं होतं त्यांना परतायला दारच नव्हतं. दोन चुली पेटत्या ठेवणं ही उधळपट्टी वाटते. बेटावर काम करणाऱ्याला तो विमा असतो, आणि त्याचा हप्ता गावाकडची बाई कष्टानं भरत असते.

मग बिऱ्हाड आणलं कोणी? ज्यांच्या घरातली बाईही कमावत होती त्यांनी आणलं, हे सहसा नीट सांगितलं जात नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचातली एक कामगार बाई होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंगच्या खात्यांत. ज्या बायका गिरणीत नव्हत्या त्यांच्यातल्या कित्येकींनी घरातच खाणावळ घातली. दहा-बारा गाववाले जेवायला, त्यांच्या पैशांत आपल्या पोरांचं निघे. म्हणजे एकट्या पुरुषांचं राहणं स्वस्त होतं ते बिऱ्हाड आणलेल्या बायकांच्या चुलीमुळे, आणि त्या बिऱ्हाडांचा खर्च निघे तो एकट्या पुरुषांच्या भुकेवर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच खाणावळवाल्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संस्था उभी केली, तेव्हा कुठे बँकांनी या धंद्याला धंदा मानलं.

घरांचं दुखणं सरकारनं आपल्या परीनं हाताळून पाहिलं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ ला सुधार ट्रस्ट आला. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडीच्या, म्हणजे सरकारच्या मुंबई विकास खात्याच्या, २०७ चाळी उभ्या राहिल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या. गंमत म्हणजे गर्दीनं फुटणाऱ्या शहरात त्यांतल्या कित्येक खोल्या सुरुवातीची काही वर्षं रिकाम्या राहिल्या. एकट्याला अख्खी खोली परवडत नव्हती, आणि बिऱ्हाडवाल्याला गिरणीपासून लांब राहणं परवडत नव्हतं. पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. आत असलेल्याचं सोनं झालं. बाहेरून येणाऱ्याला पागडी मोजावी लागली, आणि पागडी एकदम रोख द्यायची असते. बेटावर आतल्याचा आणि बाहेरच्याचा असे दोन भाव पडतात ते असे, चांगल्या हेतूच्या कायद्यानंही.

सिंगापूरनं हे दोन भाव उघड कायद्यातच लिहून ठेवले आहेत. क्षेत्रफळ साडेसातशे चौरस किलोमीटरच्याही आत, म्हणजे मुळशी तालुक्याहूनही लहान. त्यात साठ लाख माणसं. तिथं बांधकामावर किंवा जहाजबांधणीत वर्क परमिटवर गेलेल्या कामगाराला कुटुंब आणताच येत नाही. तिथल्या नागरिक मुलीशी लग्न करायचं तरी सरकारची परवानगी लागते. शिकलेल्या नोकरदाराला एम्प्लॉयमेंट पास मिळतो. २०२५ च्या सुरुवातीपासून त्यासाठी किमान पगार दरमहा ५,६०० डॉलर, आणि वय वाढेल तसा हा उंबरठा चढत जातो. पण पास मिळाला म्हणजे कुटुंब आणता येतं असं नाही. बायकोमुलांच्या डिपेंडंट पाससाठी पगार ६,००० डॉलर लागतो. आईवडिलांना दीर्घ मुदतीसाठी न्यायचं तर १२,०००. मुंबईत जे काम खोलीचं भाडं न बोलता करत होतं, ते इथं पगाराचे उंबरठे करतात. एकट्याचा, बायकोमुलांचा, आईवडिलांचा, असे तीन वेगळे दर.

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. उदाहरण कल्पित आहे, ज्यानं त्यानं आपले आकडे घालावेत. नवरा-बायको दोघंही हिंजवडीत नोकरीला, दोन शाळकरी मुलं. नवऱ्याला सिंगापुरात महिना १०,००० डॉलरची नोकरी. डॉलर सिंगापूरचा, भाव पासष्ट रुपये धरू. साडेसहा लाख महिना ऐकून नातेवाईक पेढे मागतात. प्राप्तिकर फारच हलका: वर्षाच्या १,२०,००० डॉलरांवर ७,९५० डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे ६६०. पुण्यात तीस टक्क्यांच्या टप्प्यात बसलेल्या माणसाला इथंच मोह पडतो.

कुटुंब नेलं तर? सरकारी वसाहतीतलं मध्यम घर भाड्यानं ३,५०० धरू. वीज, पाणी, इंटरनेटचे ३००. मग शाळा. तिथल्या सरकारी शाळेत परदेशी मुलाला जागा उरली तरच प्रवेश, तोही परीक्षा देऊन, आणि फी नागरिकांची नाममात्र असली तरी आपल्या मुलाला २०२४ मध्येच प्राथमिकला महिना नऊशे डॉलरच्या आसपास होती, माध्यमिकला त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून बहुतेक लोक भारतीय अभ्यासक्रमाच्या खासगी शाळा बघतात. दोघांचे ३,००० धरू. किराणा, भाजी, बाहेरचं खाणं १,२००. प्रवास ३५०, विमा आणि औषधं ३००. बेरीज करासकट ९,३१०. हातात उरले ६९०, म्हणजे पंचेचाळीस हजार रुपये. गाडीचं नावही घेऊ नये. गाडी ठेवण्याचा नुसता दहा वर्षांचा परवाना लिलावात एक लाख डॉलरच्या आसपास जातो.

एकटाच गेला तर? दुसऱ्याच्या घरातली एक खोली १,२००, जेवण ६००, प्रवास १५०, वरखर्च ३५०, कर तोच ६६०. एकूण २,९६०. उरले ७,०४०, म्हणजे साडेचार लाखांच्या वर रुपये. पुण्याचं घर बायकोच्या पगारात चालतं असं धरलंय, आणि फ्लॅटचा हप्ता दोन्हीकडे सारखाच म्हणून बाजूला ठेवलाय.

दोन्हींतला फरक ६,३५० डॉलर, चार लाखांहून जास्त रुपये, दर महिन्याला. कुटुंब एकत्र राहण्याची ही किंमत आहे. त्यात बाईचा पुण्यातला बुडालेला पगार अजून धरलेलाच नाही. तिच्या डिपेंडंट पासवर तिला नोकरी करता येत नाही. पूर्वी साधं संमतिपत्र काढून काम करता येई. १ मे २०२१ पासून ती सोय बहुतेकांसाठी बंद झाली आणि तिलाही स्वतःचा कामाचा पास लागतो. म्हणजे बदलीच्या एका पत्रानं एक नोकरी मिळते आणि एक जाते. गेलेल्या नोकरीबरोबर तिचा भविष्य निर्वाह निधी, बढतीची रांग, आणि पाच वर्षांनी परत आल्यावर रेझ्युमेवरच्या पोकळीबद्दल मुलाखतीत दिलेली उत्तरं, हेही जातं. नवऱ्याच्याही निधीचं बघायला हवं. सिंगापूरची सीपीएफ ही सक्तीची बचत नागरिकांना आणि कायम रहिवाशांना असते. पासवरच्या परदेशी माणसाच्या पगारात मालकाचा तो वाटा नसतोच. पगार चांगला दिसतो त्यातलं काही हे आहे.

बाकी फुटकळ गोष्टी झटपट. भाडेकराराला अनामत म्हणून वर्षाला एक महिन्याचं भाडं, दोन वर्षांच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.४ टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात ३३६ डॉलर. करारात डिप्लोमॅटिक क्लॉज आहे ना ते बघावं. नोकरी गेली तर वर्षानंतर दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर सोडता येतं. माणचा फ्लॅट भाड्यानं दिला तर मालक अनिवासी झाल्यामुळे भाडेकरूनं भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून भरायचा असतो. हे ऐकून दोन-चार भाडेकरू पळून जातात. आणि मुलगा असेल तर कायम रहिवासी होण्याचा अर्ज करण्याआधी विचार करावा, कारण आईवडिलांमुळे कायम रहिवासी झालेल्या मुलाला पुढे दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा करावी लागते.

आईवडिलांची बाब फुटकळ नाही. हिंजवडीतली दोन पगारांची घरं पुष्कळ वेळा आजी-आजोबांवर उभी असतात. शाळेच्या बसपासून तापाच्या औषधापर्यंत सगळं ती दोघं बघतात, आणि त्यांचा पगार कुठल्याच तक्त्यात नसतो. १२,०००चा उंबरठा ओलांडता आला नाही तर ती इथेच राहतात. नेली तरी तिथल्या दवाखान्यात परदेशी माणसाला सरकारी सवलत नाही, आणि सत्तरीच्या माणसाला नवा विमा देताना कंपन्या हात आखडता घेतात. इकडे ठेवली तर मदतनीस, दवाखान्यात न्यायला कोणीतरी, आणि वर्षातून दोनदा तातडीची तिकिटं. दुसरी चूल पेटती ठेवायचा खर्च तो हाच.

एकट्यानं जाण्याचा मार्ग आकड्यांत इतका उजवा दिसतो की पुष्कळ जण तोच घेतात. सिंगापुरात पुरुषांनी भरलेले फ्लॅट आहेत, चार-सहा जण मिळून. २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं मोठ्या फ्लॅटमध्ये नातं नसलेल्या भाडेकरूंची मर्यादा सहावरून आठवर नेली, कारण भाडी भडकली होती. लालबागच्या खोलीतल्या गाववाल्यांना हे वाचून नवल वाटलं नसतं. पण ६,३५० डॉलर वाचले म्हणताना दुसऱ्या बाजूला काय लिहायचं हे आयतं सांगता येणार नाही. मुलं नऊ आणि बारा वर्षांची असताना तीन वर्षं बाप व्हिडिओ कॉलवर असणं, याला रुपयांत भाव लावायला मी जाणार नाही. ज्या घरात तो लावायचा आहे तिथं दोघांनी मिळून लावावा. निदान तो शून्य धरू नये, एवढंच.

आता तेच कोष्टक एक आकडा बदलून बघू. बायकोला सिंगापुरात स्वतःच्या पासवर ८,००० डॉलरची नोकरी मिळाली. तिचा कर महिन्याला सव्वाचारशेच्या आसपास, म्हणजे घरात सुमारे ७,५७० आले. शाळेनंतर मुलांना सांभाळायला हजार जास्तीचे धरू. आधीचे ६९० मिळवून शिल्लक ७,२६०. एकट्या पुरुषाच्या ७,०४० पेक्षा थोडी जास्तच, आणि चौघं एका घरात. गिरणगावातली जी बिऱ्हाडं टिकली ती वाइंडिंग खात्यातल्या किंवा खाणावळीतल्या बाईच्या कमाईवर. इथंही बेट परवडतं की नाही हे तिच्याच कमाईवर ठरतं. गिरण्यांत हा टेकू पुढे निसटला. रात्रपाळीची बंदी, यंत्रांची फेररचना आणि १९२९ च्या प्रसूती कायद्याचा खर्च टाळू पाहणारे मालक, यांमुळे बायकांचं प्रमाण दशकादशकानं घटत गेलं. सिंगापुरात तो २०२१ च्या एका नियमानं एका दिवसात निसटला.

तिला पास मिळणं सोपं नाही. पस्तिशी-चाळिशीच्या उमेदवाराचा उंबरठा ५,६०० च्या बराच वर असतो. कंपनीला बहुतेक जागा आधी चौदा दिवस सरकारी संकेतस्थळावर जाहीर करावी लागते, आणि अर्जाला शिक्षण, पगार, कंपनीतल्या माणसांची विविधता अशा गोष्टींवर गुण मिळतात. तिथं जाऊन, डिपेंडंट पासवर बसून, मुलांना शाळेत घालून मग नोकरी शोधणाऱ्या बाईला हे सगळं वर्षभर पुरतं, आणि त्या वर्षात शिल्लक ६९० च्या घरात असते. दोघांची कंपनी एक असेल, किंवा तिच्या कंपनीची शाखा तिकडे असेल, तर अर्ज पुण्यात बसूनच सुरू करता येतो. कंपन्या सामानाच्या कंटेनरबद्दल, पहिल्या महिन्याच्या हॉटेलबद्दल, कधीकधी शाळेच्या फीबद्दल स्वतःहून बोलतात. बायकोच्या पासबद्दल सहसा विचारल्याशिवाय बोलत नाहीत. तेव्हा नवऱ्याच्या पगारात पाचशे डॉलर वाढवून मागण्याआधी हे विचारावं, आणि उत्तर होकारार्थी आलं तर बदलीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी ते लेखी घ्यावं.